गुरुवारचं चाकण

आमच्या नकाशाच्या कंपनीत नवीन माणूस आला, की पहिल्याच आठवड्यात आम्ही त्याला ट्रेलरच्या केबिनमध्ये बसवून चाकणला पाठवतो. पोरं कुरकुरतात. इंजिनिअरिंग केलंय मॅडम, लॅपटॉपवर दिसतंय की सगळं! मी म्हणते, जा गुपचूप. त्यांना कारण सांगत बसत नाही. इथे सांगते.

मी मूळची परभणीची. लग्न होऊन कुरुळीत आले, कारण नवऱ्याची कंपनी तिथून जवळ. मलाही एका कारखान्यात काम मिळालं. एक सुटा भाग उचलायचा, मापून बघायचा, खाली ठेवायचा, दुसरा उचलायचा. शिफ्ट संपेपर्यंत तेच. जीव विटला होता माझा. मोशीत कुणीतरी डिजिटल नकाशांची कंपनी काढलीय आणि त्यांना रस्तोरस्ती फिरणारी माणसं हवीत असं कळलं, तेव्हा मी हातातली नोकरी सोडली. सासर आणि माहेर, दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

कंपनी म्हणजे काय, तर मालकाच्या घराचा वरचा मजला. मालक मोशीच्याच जुन्या शेतकरी घरातला, माझ्याच वयाचा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. खाली त्याचे वडील, आबा. जिन्यात भेटले की हमखास चिडवायचे, "आमच्या रानात लोकांनी बिल्डिंगी बांधल्या, आन् आता तुमी त्यांनाच त्यांच्या घराचा रस्ता दावणार व्हय?"

दाखवणार होतोच. पण गिऱ्हाईक मिळेना. शेवटी ट्रान्सपोर्टच्या धंद्यातल्या एका साहेबांनी तयारी दाखवली. त्यांचे ट्रेलर चाकणच्या कारखान्यांत माल पोचवायचे. नवे ड्रायव्हर भलत्याच गेटवर जाऊन उभे राहायचे आणि दिवसभर साहेबांना फोन करून वैताग आणायचे. "तुमच्या नकाशावर गाड्या बरोबर गेटला लागल्या, तर काम तुमचं," ते म्हणाले. दादाने आम्हाला समोर बसवून सरळच सांगितलं, हे काम मिळालं नाही तर कंपनी बंद करावी लागेल. मी पुन्हा कारखान्याच्या त्या लाइनवर उभं राहायचं? मेले तरी नाही.

मग आम्ही जिवाचं रान केलं. आता आमच्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. बारसं, साखरपुडा, घर बदलणं, सगळं गुरुवारी. रविवार फक्त कॅलेंडरात लाल. गुरुवारी रस्ते मोकळे, ना ट्रेलर, ना कंपनीच्या बस. फिरायचं तर गुरुवारीच, हे कुणी कुणाला सांगावंसुद्धा लागलं नाही. माझा नवराही घरी असायचा. तो गाडी चालवायचा आणि मी मागे बसून प्रत्येक रस्ता, प्रत्येक वळण, प्रत्येक गेट मोबाइलवर टिपायचे. परत येताना भजी मिळायची म्हणून स्वारी खूश. काम इतकं झपाट्याने उरकलं, की आम्ही आमचीच पाठ थोपटून घेतली.

ट्रायल होती शुक्रवारी. सकाळीच साहेबांचा फोन आला. आवाज असा, की मोबाइल कानापासून लांब धरावा लागला. "मॅडम, तुमच्या नकाशात मोठा रस्ता आहे. माझ्या ट्रेलरला तो दिसत नाहीये!"

मी तडक स्कूटर काढली. पोचले आणि बघतच राहिले. हाच तो रस्ता? दोन्ही बाजूंना टेम्पो लागलेले, कामगारांच्या बस उभ्या, वडापावच्या गाड्या, आणि मधोमध ट्रेलर अडकलेला. ना पुढे जाता येईना, ना मागे. बरं, नकाशात ज्या गेटपुढे आम्ही 'बंद' लिहिलं होतं, ते सताड उघडं! सगळा माल तिथूनच आत चालला होता. सुट्टीच्या दिवशी ते बंदच असणार ना! ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, "ताई, हा नकाशा केला कुणी?" मी म्हटलं, "ते नंतर बघू भाऊ, आधी गाडी काढू." एकेका टेम्पोवाल्याला दम देत ती बाहेर काढली तेव्हा घसा बसला होता.

मोशीत येऊन सगळं सांगितलं. दादा डोकं धरून बसला. "म्हणजे आपण सुट्टीचं चाकण काढलंय." आबा वर आलेले होते, ते हसायलाच लागले. "घरची समदी लग्नाला गेल्यावर घर मोजलंत व्हय? मोकळंच दिसणार की!" मला असा राग आला! आबांचा नाही, आमचा सगळ्यांचा. त्याच तिरीमिरीत मी साहेबांना फोन लावला. "साहेब, रस्ते बरोबर आहेत, आमचा वार चुकलाय. एक आठवडा द्या." "पुढचा शुक्रवार," ते म्हणाले, "त्यानंतर मला फोन करू नका."

त्या आठवड्यात आम्ही त्यांच्याच ट्रेलरमध्ये बसून फिरलो. केबिनमध्ये बाई बघून ड्रायव्हर आधी अवघडायचे, मग चहा पाजायचे आणि बोलायला लागायचे. सकाळी मोकळा असलेला रस्ता शिफ्ट सुटली की तुंबतो. एक गेट दुपारपर्यंतच माल घेतं. आम्ही रस्त्याला आणि गेटला वेळ जोडली. असा नकाशा आम्ही आधी कधीच केला नव्हता. पुढे आमची कंपनी वाढली ती ह्याच कामावर.

शुक्रवार आला. फोन टेबलावर ठेवून आम्ही बसलो. दुपारची शिफ्ट सुटली. फोन नाही. चहा झाला. फोन नाही. दादा म्हणाला, "साहेबांनी नाद सोडला वाटतं." संध्याकाळी एकदाचा फोन वाजला.

"मॅडम, आज एकाही ड्रायव्हरचा फोन आला नाही मला."

मी चिडून विचारलं, "मग हे चांगलं का वाईट, ते सांगा की!"

"अहो, दिवसभर निवांत बसलोय मी! सोमवारपासून सगळ्या गाड्या तुमच्या नकाशावर."

मी तिथेच ढसाढसा रडले. आबा म्हणाले, "काम मिळालं तरी रडतीय ही पोरगी!" दादाने डोळे पुसले आणि लगेच भिंतीवरच्या मोठ्या नकाशाकडे वळला. "चाकण झालं. आता रांजणगावच्या कारखान्यांकडे कोण..."

"मी," त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणाले.