मिसेस म्हणायचं

मिसेस बफर्ड यांचं पाळण्यातलं नाव अमेरिकेतल्या बेल्स क्रीक गावच्या एकाही गोऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं. उभ्या जन्मात त्यांनी ते कळू दिलं नाही. पत्रपेटीवर नुसतं 'मिसेस ओ. बफर्ड'. किराणावाल्याने खोचकपणे विचारलं, "ओ म्हणजे काय?" तर म्हणायच्या, "ओ म्हणजे ओ." नवरा लुशियससुद्धा चारचौघांत बायकोला मिसेस बफर्ड अशीच हाक मारायचा. घरी काय म्हणायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक.

हे नखरे नव्हते, बरं का. त्यांची आई लवी, काळी बाई, गोऱ्यांच्या घरी धुणं धुवायची. त्या घरातलं सहा वर्षांचं पोरटं, शेंबूड पुसायची अक्कल नाही, पायरीवरून ओरडायचं, "ए लवी, माझे बूट आण." आणि केस पिकलेली लवी म्हणायची, "आणते हं, मिस्टर टॉमी." मिस्टर! मेल्याला अजून चड्डीचं बटण लावता येत नव्हतं. लवी गेली तेव्हा गावच्या वर्तमानपत्राने मयत गोऱ्या बायकांना मिसेस लावलं आणि हिला छापलं 'धोबीण लवी'. मेल्यावरसुद्धा अगं-तुगं. लेकीने तेव्हाच ठरवलं, आपलं नाव यांच्या तोंडी लागू द्यायचं नाही. नावच ठाऊक नसलं तर हाक मारतील कशी?

पुढे दिवस पालटले. नळावरची 'फक्त गोऱ्यांसाठी' ही पाटी गेली, काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एक झाल्या. नात टमिका बँकेत साहेब झाली. हाताखालचे गोरे तिला टमिका म्हणतात, ती त्यांना टॉड आणि हेदर म्हणते, कुणाला त्याचं काही वाटत नाही. म्हणूनच तर तिने घोटाळा केला. आजीचा डावा डोळा गेलेला, उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. शहरातल्या दवाखान्यात फोन करून टमिकाने नंबर लावला आणि नाव विचारताच आपलं आणि आजीचं पाळण्यातलं, दोन्ही सांगून मोकळी झाली.

त्यामुळे त्या दिवशी दवाखान्यात आतल्या दारात उभी राहून एक गोरी पोर गोड आवाजात म्हणाली, "ओझेला? ये गं, तुझा नंबर."

मिसेस बफर्ड हलल्या नाहीत.

"आजी, ऊठ ना."

"ती ओझेला कोण असेल ती जाईल."

पोरीने पुन्हा हाक मारली, मग खांदे उडवून दुसऱ्या कुणाला आत नेलं. टमिकाचा पारा चढला. "आजी, सगळ्यांनाच ती नावाने हाक मारते. आत्ता त्या गोऱ्या आजोबांनाही वॉल्टर म्हणाली."

"त्याचं काय जातंय? त्याच्या बापाला, आज्याला मिस्टर-मिस्टर करून आमच्या माणसांच्या जिभा झिजल्या. त्याचं पोट भरलंय मानाने. माझ्या आईला एक घास तरी मिळाला का? जन्मभर आम्ही दाराशी उभे, आणि आमची पाळी आली तर यांनी पंगतच उठवली."

"नंबर गेला तर पुढचा चार महिन्यांनी. तोवर डोळा जाईल."

"जाऊ दे. आंधळी मिसेस बफर्ड म्हणून मरेन. आणि नाव तू सांगितलंस टमिका, त्या पोरीने चोरलं नाही."

हे मात्र टमिकाला झोंबलं. ती तणतणत टेबलापाशी गेली. हाका मारणारी ती पोर आता तिथे खुर्चीत रेलून शेजारणीशी गप्पा मारत होती. "तिला मिसेस बफर्ड म्हणा, म्हणजे येईल. जुनी माणसं आहेत, काय करणार," असं म्हणत टमिका ओशाळं हसली. स्वतःच्या आजीसाठी माफी मागितली, दुसरं काय!

पोरगी दारात आली. "मिसेस बफर्ड, या."

मिसेस बफर्ड उठल्या. टोपी नीट केली आणि काठी टेकत, मान ताठ ठेवून आत गेल्या. त्यांची पाठ वळताच पोरीने शेजारणीकडे बघून ओठांचा चंबू केला आणि आवाज न करता म्हणाली, "मिसेस." दोघी तोंड दाबून हसल्या.

आजीला मागचं काही कळलं नाही. टमिकाला सगळं दिसलं. आतापर्यंत तिचा सारा राग आजीवर होता. ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"काय गं टमिका," पोरगी खुर्चीत बसत लाडाने म्हणाली, "अजून काही हवंय?"

"मिस बफर्ड म्हणायचं," टमिका म्हणाली. "आणि उभी राहून बोल."