सहा बोटं घुंगरू

नाना आवाज बोटांनी मोजायचे. मिक्सरवरचं सरकतं बटण खालपासून किती वर गेलं, हे ते उजव्या हाताची बोटं आडवी लावून बघत आणि मोठ्यानं जाहीर करत, "गानं चार बोटं, ढोल तीन, कोरस दोन, घुंगरू एक!" मग काळा मार्कर घेऊन हे सगळं भिंतीवर लिहून ठेवत. भिंतीवर म्हणजे भिंतीवरच्या साडीवर. आवाज घुमू नये म्हणून त्यांनी चारी भिंतींना बाजारातल्या खराब मालाचे तुकडे थरावर थर ठोकले होते. एका गाण्याला एक तुकडा. कुठलं गाणं कधी झालं, कोण गायलं, कोणतं वाद्य किती बोटं, सगळं त्या गुलाबी-मोरपंखी चिंध्यांवर. आमच्या हिरोच्या गाण्यांचा खरा इतिहास कुठे असेल तर तिथे होता, नेटवर नव्हे.

स्टुडिओ हा आमचा लाडाचा शब्द. सुरतेच्या नवागाममध्ये लूमच्या एका खात्यावर, म्हणजे कारखान्यावर, दहा बाय बाराची खोली होती, तिला आम्ही स्टुडिओ म्हणायचो. खाली चोवीस मशीन. ती चालू असली की वर ग्लासातलं पाणी थरथरायचं. त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त खात्याला रजा असेल त्या दिवशी. सगळी गल्ली त्या दिवशी झोप वसूल करायची आणि आम्ही दारं-खिडक्या लावून घामाघूम होऊन गायचो. खात्याचे शेठ मागच्याच घरात राहायचे. सहा दिवस चोवीस मशीनच्या खडखडाटात त्यांना झोप लागायची, पण सातव्या दिवशी आमच्या ढोलकीनं ती मोडायची. "अरे नाना, आजे तो शांती राखो!" असं ते खालून ओरडत. नाना वरून नमस्कार करत आणि खिडकीला आणखी एक साडी ठोकत.

नाना मूळचे अमळनेरकडचे. पंधराव्या वर्षी सुरतेत आले आणि पंचवीस वर्षं लूमवर उभे राहिले. कानात कापसाचे बोळे घालायचीही तेव्हा पद्धत नव्हती. घातले तर बाकीचे कारीगर हसायचे. त्या पंचवीस वर्षांत नानांनी दोन गोष्टी कमावल्या. एक, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायची विद्या. दुसरी, कानाची ख्याती. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ते सांगायचे, अकरा नंबरचा धोटा अडकतोय. आत जाऊन बघावं तर खरंच अकरा नंबर. माझे वडील त्याच खात्यात होते, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. नानांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "डोया खोटं बोली, पन कान बोलाव नही." डोळा खोटं बोलेल, कान बोलणार नाही. हे वाक्य त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं, की आम्ही कोरसच्या पोरी त्यांच्या आधीच ते म्हणून टाकायचो.

आमचा हिरो तेव्हा हिरो नव्हता. बाजारात साड्यांच्या घड्या घालायचा आणि घड्या घालता घालता अहिराणी गाणी रचायचा. पहिलं गाणं साडीवर, दुसरं स्कुटीवर, तिसरं पुन्हा साडीवर. गळा मात्र असा, की ऐकणाऱ्यानं हातातलं काम ठेवावं. नानांनी त्याचं पहिलं गाणं फुकट केलं. मी एकोणीस वर्षांची होते, कोरसमध्ये उभी राहायला आले होते. कोरस संपल्यावर नानांनी माझ्या हातात बैलाची घुंगरमाळ दिली. गावाकडचा शेवटचा बैल विकला तेव्हा त्याच्या गळ्यातून ती काढून आणलेली. "माइकपुढे हालाव, बेटा. हळूच. बैल पानी पीस तशी." बैल पाणी पितो तेव्हा मान किती हलते, ते मला सुरतेत वाढलेलीला काय माहीत? नानांनी स्वतः मान हलवून दाखवली. त्या गाण्यात घुंगरू एक बोट होते. ऐकणाऱ्याला ते वेगळे कळायचेही नाहीत, फक्त गाणं गावाकडचं वाटायचं.

ते गाणं बाहेर पडलं म्हणजे डिंडोलीच्या एका मोबाईलच्या दुकानात गेलं. दुकानदार मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. नवागामातून कडोदऱ्याला, तिथून सुट्टीला निघालेल्या माणसांच्या खिशातून धुळ्या-जळगावच्या लग्नांत. चौथं गाणं आलं तेव्हा हळदीला त्याच्याशिवाय कुणी नाचेना. पुढे हिरोचा नेटवर चॅनल निघाला, घड्या घालणं सुटलं, पांढरे बूट आले. आणि लोक गाण्यापेक्षा एका गोष्टीचं जास्त कौतुक करायला लागले. घुंगरू! गाणं सुरू झालं की पहिल्या छनछनीला पोरं ओळखायची, हे आपल्या हिरोचं. दुसऱ्या स्टुडिओवाल्यांनीही घुंगरू आणले. हिरो नानांना मिठी मारून म्हणायचा, "नाना, ये तो अपना ट्रेडमार्क बन गया!"

ट्रेडमार्क कसा बनला, ते मला ठाऊक होतं. घुंगरमाळ माझ्या हातात होती. दर गाण्याला नाना म्हणायचे, "आजून जोरमा." मग, "घुंगरू कथा गयात? हालावस का नही?" कुठे गेले घुंगरू, हलवतेस की नाही? मी मनगट दुखेपर्यंत हलवायची. एका बोटाचे दोन झाले, दोनाचे तीन. मला आधी वाटलं, लोकांना आवडतं म्हणून वाढवतायत. मग एका उन्हाळ्यात आम्ही सगळे मिक्सरभोवती बसलो होतो. डास असे की बोलायला तोंड उघडायची सोय नाही, प्रत्येक जण कानाशी हात मारतोय. एकटे नाना शांत. त्यांच्या कानाच्या पाळीवरच एक बसला होता. ते समाधानानं म्हणाले, "औंदा मच्छर कमी शेत." नवागाममध्ये डास कमी झाले असं म्हणणारा माणूस एक तर निवडणुकीला उभा असतो, नाहीतर बहिरा असतो. सगळे हसले. मीही हसले, आणि मग बाजूला ठेवलेल्या घुंगरमाळेकडे बघत राहिले.

लूमवाल्यांचे कान असेच जातात. बारीक आवाज आधी जातो. माणसाचं बोलणं कळतं, ढोल कळतो, म्हणून घरच्यांनाही पत्ता लागत नाही. डास, घुंगरू, पाखरं मात्र निघून गेलेली असतात. माझ्या वडिलांचेही गेले होते, पण त्यांना कुणी कानावर पगार देत नव्हतं. नानांच्या हाती कानाशिवाय दुसरं काही नव्हतं. ते घुंगरू वर वर नेत होते, कारण त्यांना ते पहिल्यासारखेच, एका बोटाएवढेच ऐकू यावेत असं वाटत होतं. आणि जग त्याला स्टाईल म्हणत होतं. मी कुणाला काही बोलले नाही. कुणाला सांगणार? हिरोला सांगितलं असतं तर नानांची खुर्ची गेली असती. नानांना सांगायची माझी छाती नव्हती.

मग मुंबईच्या एका कंपनीनं हिरोचं गाणं मागितलं. आमच्यापैकी कुणाचं गाणं असं कंपनीतून निघालेलं नव्हतं. हिरो म्हणाला, मिक्सिंग नानांचंच. यात त्याचा मोठेपणा होता, ते नाकारत नाही. चार रजा आम्ही ते गाणं करत होतो. शेवटच्या रजेला सगळे गेल्यावर नानांनी मला थांबवलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि डोक्यावरचे हेडफोन काढून माझ्या डोक्यावर ठेवले. ते हेडफोन त्यांनी हिरोलाही कधी लावू दिले नव्हते. ते आतून गरम होते.

"मना कानवर आते भरोसा नही ऱ्हायना," ते म्हणाले. "तू आयक. घुंगरू जास्त शेत का? खरं सांगजो."

मी ऐकलं. घुंगराचं बटण अगदी वर टेकलं होतं, सहा बोटं. त्याच्यावर जागाच नव्हती. हिरोचा आवाज छान होता, पण त्याच्यावरून कुणी काचेचे तुकडे ओतावेत तसे ते घुंगरू पडत होते. माझ्या दाढा शिवशिवल्या. मी डोळे उघडले तर नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. लहान पोर निकालाच्या दिवशी मास्तरांकडे बघतं तसे. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांना चूक दाखवली, तो माणूस पहिल्यांदाच कुणाला तरी विचारत होता. एक शब्द पुरला असता. त्यांनी तिथल्या तिथे बटण तीन बोटं खाली घेतलं असतं आणि गाणं वाचलं असतं.

"बराबर शे, नाना," मी म्हणाले.

का म्हणाले, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतेय. दया आली, हे खरं. भीती वाटली, हेही खरं. पण तेव्हा लागत होतं ते धैर्य नव्हतं, थोडी अक्कल होती. 'तुमचे कान गेले' असं म्हणायची गरजच नव्हती. 'थोडे कमी करा' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. हे मला घरी पोचल्यावर सुचलं. तोवर गाणं कंपनीला गेलं होतं.

गाणं निघालं आणि पहिल्याच दिवशी त्याच्याखाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. हेडफोन लावू नका, कान फुटतील. एकानं लिहिलं, गाणं आहे का भांड्यांचं दुकान? लग्नात डीजेवाल्यानं ते अर्ध्यावर बंद केल्याचे व्हिडिओ फिरले. कंपनीच्या माणसानं हिरोला फोनवर एकच विचारलं, "मिक्सिंग किसने किया?" आठवड्याच्या आत गाणं नेटवरून काढलं. हिरोनं मुंबईला जाऊन ते पुन्हा गायलं आणि महिन्याभरानं तेच गाणं नव्यानं आलं. आज सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे ते हेच. त्यातही घुंगरू आहेत, पण ते कॉम्प्युटरमधले, मोजून-मापून घातलेले. माझा कोरसही त्यात नाही. त्याआधी नवागामात केलेलं असं काही होतं, हेच आता कुणाला माहीत नाही.

हिरो नानांना भेटायला आला होता. पांढरे बूट दाराबाहेर काढून आत आला, पायाला हात लावला, पेढ्यांचा बॉक्स ठेवला. नाना म्हणाले, "जाय पोऱ्या, मोठा व्हय." त्या दिवसानंतर नवागामच्या त्या खोलीत गाणं झालं नाही.

सामान काढायला मी गेले होते. भिंतीवरच्या साड्या उतरवताना एकेक तुकडा वाचत गेले. घुंगरू एक बोट. घुंगरू एक बोट. दोन बोटं. तीन. पाच. दवाखान्यात सुद्धा कुणी इतक्या काळजीनं रोग लिहून ठेवत नसेल, आणि लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय याचा पत्ता नाही. शेवटचा तुकडा हिरव्या साडीचा होता. त्यावर लिहिलं होतं: 'कंपनीनं गानं. घुंगरू सहा बोटं. पोरनी आयकं. बराबर शे.' पोर म्हणजे मी. तो तुकडा मी पर्समध्ये घातला.

नाना कडोदऱ्याच्या एका खात्यात परत लूमवर लागले. या वयात घेतलं कसं, असं मी विचारलं तर माझे वडील म्हणाले, खात्यात बहिऱ्याला कोण हाकलतं, तिथे सगळेच हातवाऱ्यांनी बोलतात. मी तेव्हा इच्छापोरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होते. कबूल करायचं ठरवून एका रजेच्या दिवशी कडोदऱ्याला गेले. नाना खोलीच्या पायरीवर बसले होते. आता त्यांच्या कानाशी ओरडावं लागत होतं. ते खूश झाले आणि म्हणाले, गाणी लाव, पहिल्यापासून. मी मोबाईल त्यांच्या डाव्या कानाला धरला. पहिलं गाणं ऐकून त्यांनी विचारलं, "यामा घुंगरू टाकाले इसरनूत का आपन?" मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही. मग मी नेटवरून काढलेलं ते गाणं लावलं. माझ्याजवळ होतं. नानांचा चेहरा हळूहळू उजळला. पहिल्या गाण्याच्या वेळी बैल पाणी पितो म्हणून हलवून दाखवली होती, तशी त्यांची मान हलायला लागली.

"हाई बराबर शे," ते म्हणाले. "बठ्ठा लोके वाईट म्हनतस. तू एकलीच खरं सांगं." सगळ्यांत मीच एकटी खरं बोलले होते, म्हणे.

मी त्यांच्यासमोर बसले होते. मी साध्या आवाजात म्हणाले, "नाना, घुंगरू जास्त होते. मी खोटं बोलले." नानांनी खात्यातले लोक हलवतात तशी मान हलवली, हसले आणि माझ्यापुढे चहाचा कप सरकवला. ओरडून सांगता आलं असतं. पर्समध्ये पेन होतं, लिहून देता आलं असतं. मी पर्स उघडली आणि पेनाऐवजी तो हिरवा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, शेवटच्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मी चहा प्यायले आणि निघाले.

पुढच्या पोळ्याच्या आसपास त्यांच्या पुतण्याचा फोन आला. मशीन चालू असताना छातीत कळ येऊन नाना दोन लूमच्या मधे पडले. हाक मारली असणार. पण चालू खात्यात हाक कुणाला ऐकू येते? धोटा थांबलेला दिसला तेव्हा लोक धावले. पुतण्या सांगत होता, "खिशात साडीची एक चिंधी होती, कायतरी लिहिलेली. फेकायला लागलो तर काकू म्हणाली, नको, रोज जवळ ठेवायचे. नव्या सदऱ्याच्या खिशात घालून तशीच पाठवली."

मी फोन ठेवला. बाहेर कुणाच्या तरी हळदीला हिरोचं ते मुंबईत गायलेलं गाणं लागलं होतं, त्यातले घुंगरू अगदी प्रमाणात वाजत होते. माझं खोटं नानांच्या अक्षरात त्यांच्या छातीवर होतं आणि त्यांच्यासोबत जळून गेलं. जे पेनानं तेव्हा लिहायचं होतं ते आता लिहिते. घुंगरू जास्त होते, नाना. फार जास्त होते.