सुलभाताई बिलोलीकरांची तक्रार

सुलभाताई बिलोलीकर फोनची तिसरी घंटी होऊ देत नसत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांची नोकरी झाली होती. काचीगुड्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होतो. तव्यावर पोळी टाकून धावणारी त्यांची पावलं मला ऐकू येत. "दारात माणूस उभा असताना आपण आत बसून राहतो का?" त्या विचारत.

पती माधवराव डायलिसिसवर होते. मूत्रपिंडासाठीच्या यादीत त्यांचं नाव होतं. रुग्णालयाचा फोन कोणत्याही नंबरवरून येऊ शकत होता, म्हणून अनोळखी नंबर बंद करता येत नव्हते. एका कर्ज कंपनीचे फोन मात्र रोज येत, दर वेळी नव्या नंबरवरून. एका दुपारी असे सात फोन झाल्यावर ताईंनी पुढचे दोन कापले. ते रुग्णालयाचे होते. त्यांनी उलट फोन केला तेव्हा मूत्रपिंड यादीतल्या पुढच्या रुग्णाला गेलं होतं.

"कंपनीवर केस? नक्को गं, दमशील," माधवराव म्हणाले.

"दमले तर बसून लिहीन."

त्यानंतर कंपनीचा फोन आला की त्या फक्त कंपनीचं नाव आणि पत्ता विचारत. एक मुलगी घाबरली. "अम्मा, मेरी नोकरी जाती."

"तेरे पे नहीं बेटा, तेरे मालिक पे केस डाली मैं."

जिल्हा ग्राहक आयोगात कंपनीच्या वकिलांनी एक कूपन सादर केलं. प्रदर्शनात मिक्सरच्या सोडतीसाठी भरलेलं, तळाशी बारीक अक्षरांत फोन करण्याची संमती. सही ताईंची होती. त्यांनी ती मान्य केली.

"मिक्सर के वास्ते नंबर दी थी, साहेब. कर्जे के वास्ते कब दी?"

तक्रार मागे घेतली तर त्यांचा नंबर वगळू, असं कंपनीने कळवलं. ताईंनी नकार दिला. निकालाआधीच माधवराव गेले. पुढच्या तारखेला वकील व्हरांड्यात म्हणाले, "अम्मा, अब तो छोड़ दो."

"आता मला घाई नाही," ताई मराठीतच म्हणाल्या.

निकाल त्यांच्या बाजूने लागला. शेजारी पेढे घेऊन आले. ताईंनी आदेश दोनदा वाचला. "हा माझ्याच फोनपुरता आहे. मूत्रपिंडाच्या यादीत बाकीची माणसं आहेत."

त्यांनी राज्य आयोगाकडे अपील केलं. डायलिसिस वॉर्डात खाटेखाटेपाशी जाऊन गोळा केलेल्या, एकोणीस घरांतल्या फोनच्या नोंदी त्याला जोडल्या. पहिल्याच दिवशी पुढची तारीख पडली. ताईंनी ती लिहून घेतली आणि कंपनीच्या वकिलांकडे वळून विचारलं, "आप आएँगे ना?"