इंगेवहिनींचं विरजण

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्या बरणीत पीठ घालत होते. सकाळची वेळ, हातात चमचा, चमच्यात खपली गव्हाचं पीठ. हॉस्पिटलातून आमच्या ह्यांचा फोन. "दादा गेले गं," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हटलं. बरं काय, बरं? पण तोंडातून तेच निघालं. मग मी पीठ घातलं, पाणी घातलं, ढवळलं, वर फडकं बांधलं. आता महिना उलटून गेलाय, तरी लोक भेटले की विचारतात, शेवटी काही बोलले का, काही सांगून गेले का? आदल्या संध्याकाळी मला जवळ बोलावून सख्ख्या भावाने शेवटचं विचारलं ते हे : "छबू, त्याला खायला घातलंस का?"

त्याला म्हणजे विरजणाला. दादा माझ्याहून बराच मोठा. सोलापुरात वाढला, इथल्याच मिलमध्ये उमेदवारी केली आणि मागाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली म्हणून तरुणपणीच जर्मनीला गेला. सुरुवातीला फोनवर एकच रडगाणं असायचं. "आईला सांग, इथला पाव म्हणजे वीट आहे वीट. काळा, आंबट, कापायला करवत लागते." मग त्या बाजूला जाणारं कुणी सापडलं की आई कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणी बांधून द्यायची. त्या भाकऱ्या महिनोन्महिने टिकतात, दादा पुरवून पुरवून खायचा. पुढे त्याने इंगेवहिनींशी लग्न केलं आणि विटेची तक्रार एकदम बंद झाली. वहिनी तो पाव घरी करायच्या. यीस्टची पुडी नाही, सोडा नाही. पीठ आणि पाणी आंबवून ठेवलेली एक बरणी, तिच्यात रोज चमचाभर नवं पीठ घालायचं की ते आतल्या आत फसफसत राहतं, आणि त्याच्यावरच पाव फुगतो. वहिनींना ते त्यांच्या आईकडून आलेलं होतं. मी त्याला वहिनींचं विरजण म्हणायची, आणि दादाही पुढे तेच म्हणायला लागला.

वहिनी गेल्या, मूलबाळ नव्हतं, आणि दादा सोलापूरला माझ्या शेजारच्या खोल्यांत राहायला आला. सामान असं काही नव्हतंच. शर्टाच्या खिशात मात्र एक कागदी पुडी होती. वहिनींचं विरजण ताटात पातळ पसरून, वाळवून, त्याचे पापुद्रे बांधून आणले होते. मी चहा टाकला तर म्हणाला, आधी कोमट पाणी दे. दोन-तीन दिवस लहान मुलासारखा बरणीपाशी बसून होता. मग एका सकाळी बुडबुडे दिसले, तेव्हा त्याने मला हाक मारली आणि नुसतं बोट दाखवलं. माणूस परत आल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

पण गंमत अशी, की पाव करायला त्याला येतच नव्हतं! वहिनींनी त्याला ओट्याजवळ कधी फिरकूच दिलं नव्हतं. त्याला दोनच कामं येत होती, विरजणाला खायला घालणं आणि झालेला पाव पालथा करून बोटाने वाजवणं. आतून पोकळ आवाज आला की पाव झाला, हे ठरवायचा मान त्या घरात त्याचा होता. म्हणून मग आधी तयार पावाचा शोध सुरू झाला. स्कूटरवर मला मागे बसवून नव्या पेठेपासून विजापूर वेशीपर्यंत एकही बेकरी त्याने सोडली नाही. काउंटरवरचा ब्रेड बोटाने दाबायचा, तो कापसासारखा आत जायचा, की हा कपाळाला हात लावायचा. "गोड आहे गं. सगळ्यात साखर का घालतात हे लोक?" ब्राऊन ब्रेड म्हणून घेतला तो नुसता रंगवलेला निघाला. एकदा पुण्याहून कुणीतरी मोठ्या बेकरीतला आणून दिला. दादाने एक फोड खाल्ली, "चांगलाय की," म्हणाला आणि उरलेला दोन दिवस तसाच पडून राहिला. आमचे हे वैतागून म्हणाले, "एवढं कडकच खायचंय तर कडक भाकरी खा ना दादा, सोलापुरात काय तोटा आहे?" तो बिचारा तीही खायचा, दही-चटणी घालून मिटक्या मारत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बरणीसमोर.

शेवटी लष्कर भागातल्या हनीफभाईंच्या बेकरीच्या भट्टीवर त्याचं बस्तान बसलं. पाव, खारी, टोस्ट निघून भट्टी जरा निवली, की दादाचा गोळा आत जायचा. पहिला पाव बाहेर आला तेव्हा हनीफभाईंनी तो फरशीवर ठोकून दाखवला. "साब, ये पाव नै, फत्तर है." दादा तोही घरी घेऊन आला आणि सुरीने कोरून खाल्ला. नंतर त्याने खपली गहू धरला, त्यात थोडी ज्वारी घातली, कधी ज्वारी जास्त होऊन गोळा फुगायचाच नाही. आणि आमचा उन्हाळा! दुपारी विरजण बरणीबाहेर उतू जायचं आणि आंबटढाण व्हायचं. माठाशेजारी ओल्या फडक्यात बरणी ठेवून दादा तिला वारा घालत बसायचा. मी म्हणायची, "मला ताप आला तेव्हा कधी घातला होतास का रे वारा?" तो म्हणायचा, "तू कुठं उतू जातेस?"

एकदाच जमला. थंडी होती, बाहेर धुकं होतं. पाव भट्टीतून निघाला तो तांबूस-काळा, वर तडकलेला. दादाने तो फडक्यात धरून पालथा केला, बोटाने वाजवला, कानाशी नेला. परत वाजवला. हनीफभाई म्हणाले, "क्या बोलता साब?" दादाला डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मग त्याने तो माझ्या कानाशी धरला. मला नुसता टकटक आवाज आला, पण मी "हो रे, हो," म्हटलं.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्याला घास अडकायला लागला. अन्ननलिकेत गाठ निघाली. देवाला दुसरी जागा सापडली नाही का, हा माझा राग अजून गेलेला नाही. आधी भाकरी बंद, मग भात, मग नुसतं पातळ. हनीफभाईंनी माझ्याकडून वाटीभर विरजण नेऊन आपल्या हाताने एक पाव करून पाठवला, चांगला फुगलेला. दादाने तो उशाशी ठेवायला सांगितला. मी पेज घेऊन गेले की पाव नाकाशी धरून पडलेला असायचा. "वास गिळता येतो गं," म्हणाला एकदा. मी पेजेचा वाडगा घेऊन तशीच बाहेर आले. काय करणार होते? डॉक्टरांना विचारून झालं, देवाला विचारून झालं, हातात करण्यासारखं एकच काम उरलं होतं, ते मी रोज सकाळी करत होते.

दादा गेला त्या दिवशी दुपारी त्याला नेल्यावर बायकांनी मला बळेच अंघोळीला पाठवलं. अंघोळ करून स्वयंपाकघरात आले तर ओटा लख्ख. मयत झालेल्या घरात साठवलेलं पाणी, शिजवलेलं-आंबवलेलं काही ठेवत नाहीत, ते ओतून भांडी पालथी घालतात. मीसुद्धा लोकांच्या घरी पदर खोचून हे केलेलं आहे. घागर पालथी होती, पातेली पालथी होती, आणि त्यांच्या रांगेत दादाची बरणी पालथी होती. शेजारच्या सुमनवहिनी, सांगोल्याकडच्या, माझ्यावर बहिणीसारखी माया. हात पुसत म्हणाल्या, "तुमी बसा ताई, हितलं समदं आवरलंय मी. त्या बरणीत बी कायतरी नासलं हुतं, लई वास मारत हुतं. तीन पाण्यानं घासली." दमल्या होत्या बिचाऱ्या, सकाळपासून पोटात चहासुद्धा नव्हता. मी "बरं केलंत," म्हटलं.

नंतर हनीफभाईंकडे जाऊन आले. वाटलं, भट्टीवर एखाद्या भांड्याला, फडक्याला लागलेलं थोडं असेल. ते म्हणाले, "उनो थोडा बी छोडते नै थे बाजी, पूरा पोछके घर को लेके जाते थे. तुमे दिये सो बी पूरा उस पाव में गया." मग त्यांच्या शेवटच्या पावाची उशाशी वाळलेली फोड मी कोमट पाण्यात भिजवली, पीठ घातलं, फडकं बांधून माठाशेजारी ठेवली. भाजलेल्यातून काही उठत नाही, हे मला कळत का नव्हतं... तरी तीन दिवस डोकावत होते. बुरशी आली, टाकून दिलं. हनीफभाई म्हणतात, आटा-पानीच तो है, नवा बनाव. बनेलही. पण मला पाव खायचाच नव्हता. खरं सांगायचं तर तो मला कधी फारसा आवडलाही नाही.

बरणी आता सरळ करून कट्ट्यावर ठेवली आहे. सुमनवहिनी म्हणतात, लोणच्याला बरी आहे. सकाळी चहाचं आधण ठेवलं की माझा हात आपोआप खपलीच्या डब्यात जातो, चमचाभर पीठ काढतो आणि बरणीवर जाऊन थांबतो. मग ते पीठ परत डब्यात टाकते.