माहेरच्या पोत्यातली माती

कोणी माहेरच्या बियाण्याचं कौतुक करायला लागलं की माझ्या कपाळाची शीर अजूनही ठणकते. करा बाई कौतुक, तुमचा भाऊ चांगला असेल. माझाही चांगलाच होता. लहानपणी मला पाठीवर घेऊन नाला ओलांडणारा, माझ्या वाट्याचा मार स्वतः खाणारा. तरी त्यानं जे केलं ते केलं. घराबाहेर मी हे कधी बोलले नाही. आता अमरावतीला राजापेठेत लेकाच्या घरी बसून लिहिते आहे, आणि या वयात भीड तरी कोणाची ठेवायची?

माझं सासर वलगावच्या बाजूचं आणि माहेर अकोल्याकडचं. साठीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. त्यांची शेती म्हणजे कापूस आणि ज्वारी, तिसरं नाव नाही. नदीकाठी त्यांचं एक वावर होतं, हलक्या भुसभुशीत मातीचं. त्यात कापूस कधी धड वाढला नाही. मी भुईमुगाच्या घरात वाढलेली, मला ते वावर पाहिलं की हात शिवशिवायचे. यात शेंगा लावा, यात शेंगा लावा, असा मी धोशाच लावला. आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते पटलेलं होतं, पण वडिलांपुढे त्यांचं तोंड उघडेल तर शपथ! शेवटी मीच पदर सावरून दाराआडून बोलले.

मामाजींनी तंबाखू मळली आणि म्हणाले, "एक साल देतो सूनबाई. शेंगा आल्या तं ते वावर तू म्हणशीन तसं पेरू. नाही आल्या तं मंग जन्मात नाव काढू नको."

थोरली जाऊ चुलीपाशी फिस्सकन हसली. हसू दे. त्या घरात भाजीत मीठ किती घालायचं हेसुद्धा मला कोणी विचारत नव्हतं. आता एका अख्ख्या वावरात माझा शब्द चालणार होता, फक्त पीक हाती यायला हवं होतं. मी तर तेव्हाच हवेत होते.

आमच्याकडे चाल अशी की सुनेच्या हातून घरात नवं पीक आलं तर पहिलं बियाणं तिच्या माहेरचं. आणि शेंगांच्या पोत्याच्या तळाशी माती राहते ना, ती झटकून टाकायची नाही. ती माहेरची माती. हळदकुंकू वाहून वावराच्या चढाकडच्या कोपऱ्यात पसरायची, म्हणजे तिथून बरकत उतरत खाली येते. मी दादाला निरोप धाडला आणि दादा स्वतः पोतं घेऊन आला. मामाजींनी त्याला पाटावर बसवून जेवू घातलं. मी वाढताना इतकी मिरवत होते की भाजी दोनदा वाढली.

पेरणीच्या आधी आम्ही बाया अंगणात शेंगा फोडायला बसलो. शेंगा बऱ्या होत्या, पण मातीच फार, काड्या, मुळांचे तुकडे. चाळणीत तपकिरी, गोल, बारीक दाणे राहू लागले. सासूबाई म्हणाल्या, "तुह्या मायनं मोहरीच्या पोत्यात शेंगा भरल्या काय वो?" सगळ्या हसल्या, मीही हसले. तळाची माती पदरात बांधली, वावरात नेली आणि चढाच्या कोपऱ्यात हातानं पसरली.

पीक काय आलं म्हणता! वाटेनं जाणारे थांबून पाहायचे. पिवळी फुलं लागली तेव्हा जाऊसुद्धा एकदा बांधावर, आमच्या बोलीत धुऱ्यावर, येऊन उभी राहून गेली. मग चढाच्या कोपऱ्यातलं एक झाड मलूल दिसलं. एक फांदी पिवळी, दुसऱ्या खेपेला अख्खं झाड झोपलेलं. मी धरून ओढलं तर वरचा भाग हातात आला आणि मूळ जमिनीतच राहिलं. बुडाशी पांढरे धागे होते, कापूस पिंजून चिकटवल्यासारखे. आजूबाजूची दोन-चार झाडंही मान टाकत होती. म्हटलं, राखीला दादा येणारच आहे, त्याला दाखवू. भुईमुगातलं त्याच्याइतकं आमच्या घरी कोणाला कळत होतं?

दादा आला. मी राखी बांधली, ओवाळलं, आणि त्याला सरळ वावरात नेलं. सोबत मामाजी आणि आमचे हे. दादा त्या कोपऱ्यात उकिडवा बसला. बुडाची माती बोटानं उकरली, पाहिली, पुन्हा सारखी केली. मग हात झटकत उभा राहून म्हणाला, "काही नाही. उन्हाचा चटका हाय. आऱ्या सुटून मातीत शिराच्या आधी अजून एक डवरा मारा, बुडाशी माती चढू द्या. तरारून येते पाहा."

त्यानं सांगितलं आणि आम्ही केलं. बैल जुंपले, डवरा, म्हणजे आमच्याकडचं कोळपं, चढाच्या कोपऱ्यातून उताराकडे ओळीओळीनं फिरला आणि झाडांच्या बुडाशी माती चढली. मग पाऊस लागला. पाऊस उघडल्यावर मी वावरात गेले. आधी मेलेली झाडं एका कोपऱ्यात होती. आता डवरा जसा गेला तशा पिवळ्या रेघाच्या रेघा थेट खालपर्यंत, आणि पाणी जिथून वाहिलं तिथे मोठमोठे पट्टे बसलेले. मजूर बायांनी मेलेली झाडं उपटून धुऱ्यावर टाकली, तर तिथून पलीकडच्या ओळी धरल्या. रोज एक पट्टा वाढायचा. मी रोज जायची आणि रोज परत यायची, घरात कोणाशी बोलायची सोय राहिली नव्हती.

मामाजींनी मला एका शब्दानं टोचलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. त्यांनी मातीसकट झाड फडक्यात बांधलं, अमरावतीला शेतकी खात्यात नेलं आणि तिथल्या साहेबांना गाडीत घालून वावरात आणलं. साहेबांनी मुळाशी बोट लावून दाखवलं. पांढऱ्या धाग्यांत तेच तपकिरी दाणे. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे.

साहेब म्हणाले, "ही बुरशी आहे. झाड मरतं, पण हे दाणे मातीत जिवंत राहतात. डवऱ्याच्या पात्याला माती चिकटली की तिच्यासोबत पुढच्या ओळीत जातात, पाण्यासोबत उताराला लागतात. आजारी जागेत डवरा घालायचाच नव्हता, बुडाशी माती तर मुळीच चढवायची नव्हती. तो कोपरा तेवढा उपटून जाळला असता तर बाकीचं रान हाती लागलं असतं. आता बरीच वर्षं इथे भुईमूग नको, ज्वारी घ्या." आणि मग विचारलं, "बी कुठलं?"

"माहेरचं," मी म्हणाले.

"मग त्यांच्या रानातही हे असणार. त्यांना लवकर कळवा."

मामाजी लगेच म्हणाले, "जा सूनबाई. आपलं गेलं ते गेलं, त्याचं तं वाचव."

बडनेऱ्याला आगगाडीत बसले आणि अकोल्यापर्यंत साहेबांचं बोलणं शाळेतल्या कवितेसारखं घोकत गेले. कोपरा उपटायचा, जाळायचा, डवरा घालायचा नाही, माती चढवायची नाही. माझं वावर गेलं होतं, घरातला शब्द गेला होता, तरी जीव दादासाठी उडत होता. गाव जवळ आलं तेव्हा आमच्या भुईमुगाच्या वावरात डोक्याएवढी ज्वारी उभी दिसली. म्हटलं, पेर दुसरीकडे केली असेल.

घरात पाय टाकला आणि पाण्याचा पेला तसाच हातात धरून मी सुरू झाले, "दादा, शेंगांच्या वावरात बुडाशी पांढरं दिसलं तं डवरा घालू नको..." दादा अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. त्यानं मान वर केली नाही. वहिनीला मात्र राहवलं नाही. "अवो, शेंगा हायच कुठं आता? मागच्या साली तं अर्धं वावर बसलं. तवा साहेबानंच सांगतलं, ज्वारी पेरा म्हणून."

दादानं तिच्याकडे डोळे वटारले. मी पेला खाली ठेवला.

"मागच्या साली? मंग मले देलं ते बी?"

"त्याच वावरातलं. पण चांगल्या अंगाचं होतं," दादा म्हणाला. "मले वाटलं, तुमच्या मातीत निघून जाईन."

"आन राखीले? तू उकरून पायलं, दादा. तुले दिसलं. साहेबानं तुलेही सांगतलं होतं न, का डवरा घालू नका? तरी तू मले माती चढवाले सांगतलं."

"मंग का सांगाव होतं? तुह्या सासऱ्यासमोर म्हणू का, का माह्या वावरातला रोग तुमच्या वावरात धाडला? नाक कापलं असतं तुहं."

जळो मेलं ते नाक! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बी दिलं ते मी एकवेळ गिळलं असतं. आशेवर दिलं, चुकला, माणूस आहे. पण राखीच्या दिवशी फक्त एक कोपरा गेला होता. मी बांधलेला धागा त्याच्या मनगटावर अजून कोरा होता, त्यानं बोटानं ती बुरशी उकरली, ओळखली, पुन्हा मातीनं झाकली आणि माझ्या तोंडाकडे पाहून खोटं बोलला. स्वतःची इभ्रत राखायला त्यानं माझं अख्खं वावर त्या डवऱ्याखाली घातलं. हे मी त्याला तिथेच सुनावलं, शेजारपाजार ऐकेल इतक्या मोठ्यानं.

तेवढ्यात माय आतून आली. मला वाटलं, आता ती त्याच्या कानाखाली देईल. ती माझा हात धरून म्हणाली, "मी निवडून देलं होतं वो बाई. ते दाणे दिसले तेवढे येचून काढले. तुले खाली हातानं कसं धाडाव, लोकं का म्हणतीन?"

मी तिचा हात सोडवला. जेवणाचं ताट वाढलं होतं, ते तसंच राहिलं. माय वेशीपर्यंत मागून आली, पण मी वळून पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, सासरी यातलं काही काढायचं नाही. लेकीनं सासरी माहेरचं उणं काढायचं नसतं, आणि माहेरच्या नावावाचून माझ्याजवळ त्या घरात दुसरं उरलं तरी काय होतं? मामाजी ओसरीवरच बसले होते. चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "सांगतलं का भावाले? वाचलं का त्याचं?"

"वाचलं," मी म्हणाले.

त्यांनी हात जोडून कपाळाला लावले. "बरं झालं माय. दोघांतून एकाचं तं वाचलं."

खरंच आनंद झाला होता त्यांना. ते पाहिलं आणि मला खोटं रेटवेना. तिथेच ओसरीवर बसले आणि सांगून टाकलं, ज्वारी, राखी, डवरा, सगळं. मायचं नाव तेवढं काढलं नाही. माझं झाल्यावर मामाजींनी एवढंच विचारलं, "तुह्या मायलेही मालूम होतं?"

"होतं," मी म्हणाले.