ताडाजवळचा रूळ

माझे बाबा रेल्वेत कीमन होते. ठरलेल्या हद्दीत रोज रुळावरून चालायचं, सैल झालेली क्लिप हातोड्यानं ठोकून बसवायची आणि रुळाला कुठे चीर तर गेली नाही ना ते बघायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे डहाणूजवळच्या सरावलीतल्या आमच्या घरात एक नियम होता. चित्रात तुटलेला रूळ काढायचा नाही. लहानपणी मी पाटीवर गाडी काढली आणि कंटाळून रूळ मध्येच सोडला, तर बाबांनी पाटी पुसून टाकली. सापाला न भिणारा माणूस, पण त्या अर्ध्या रेघेला भ्यायचा.

२०१८ साली मला डहाणूतच काम मिळालं. स्टेशनजवळच्या चिकूच्या गोदामावर एक खोली होती, तिथे पाच कॉम्प्युटर मांडले होते. रुळावरून तपासणीला फिरणाऱ्या मोटारट्रॉलीला लावलेल्या कॅमेऱ्यानं आमच्याच मार्गाचे फोटो काढलेले असायचे. आम्ही प्रत्येक फोटोत दोन्ही रुळांवर माऊसनं हिरवी रेघ ओढायची. असे हजारो फोटो बघून यंत्र आपलं आपण रूळ ओळखायला शिकणार होतं. रेघ अखंड दिसली की मार्ग मोकळा, मध्येच तुटली की रुळावर काहीतरी आहे, असं ते समजणार होतं.

माझ्या शेजारी तलासरीहून एसटीनं येणारी एक मुलगी बसायची. तलासरीला रेल्वे नाही, म्हणून ती रुळांचं सगळं मला विचारायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “इथे गाय उभीय गो. रूळ झाकलाय. रेघ थांबवू का?”

“गाय उभी राहिली म्हणून रूळ तुटतो का? खालून असतोच की. ओढ सरळ.”

सूचनांच्या कागदावर झाकलेला भाग सोडून द्या असं स्पष्ट लिहिलं होतं. पण कागद लिहिणाऱ्याला रूळ काय कळतो, असं मी ठसक्यात म्हणाले. कीमनची मुलगी म्हणतेय म्हटल्यावर सगळ्यांनी ऐकलं. आम्ही गायींमधून, शेळ्यांमधून, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बायांमधून सरळ रेघा ओढत गेलो.

बाबाही त्या फोटोंत पुन्हा पुन्हा यायचे. त्यांच्या हद्दीत एका ताडाच्या झाडाजवळ त्यांचा जोडीदार पूर्वी गाडीखाली गेला होता. तेव्हापासून रोज तिथे पोचलं की बाबा वाकायचे, रुळावर तळवा टेकवायचे आणि तो कपाळाला लावायचे. केशरी जॅकेट, वाकलेली पाठ, रुळावर हात. मी प्रत्येक वेळी त्या हातातून रेघ नेली.

चार महिन्यांनी आमच्या कामावरच्या साहेबांनी आम्हाला शिकलेलं यंत्र चालवून दाखवलं. दुपारची वेळ होती, खाली रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते. पडद्यावर चालत्या ट्रॉलीपुढे हिरव्या रेघा आपोआप उमटत होत्या आणि कोपऱ्यात शब्द होते, ‘मार्ग मोकळा’. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग रुळात बसलेली गाय आली. रेघ तिच्या पोटातून गेली. मार्ग मोकळा. भारा घेतलेली बाई आली. मार्ग मोकळा. मग ताड दिसला आणि ताडाजवळ वाकलेले बाबा. ट्रॉली त्यांच्याकडे सरकत होती, रेघ त्यांच्या तळव्यातून पलीकडे गेली होती आणि कोपऱ्यातले शब्द हलले नाहीत.

“काय सरळ रेघ आहे!” साहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी बाबा जेवताना खुशीत होते. “पुढच्या आठवड्यात चाचणी हाय. रुळावर कोण दिसला का ट्रॉली आपली आपण भोंगा वाजवणार. आता सारखं मागं वळून बघायचं काम नाय.”

मी घास ताटात ठेवला. “बाबा, तुम्ही वळून बघत जा. त्या यंत्राला तुम्ही दिसत नाही.”

“का नाय दिसत?”

“मीच तसं शिकवलंय.”

त्यांनी हात धुतला आणि म्हणाले, “मग परत शिकव.”

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली, पण चाचणी पुढे ढकलली. सगळे फोटो पहिल्यापासून करायचे ठरले. तलासरीची म्हणाली, “कीमनच्या पोरी, आता तोड रूळ.” मग मी ताडाजवळचा पहिला फोटो उघडला. मी रेघ बाबांच्या तळव्याच्या अलीकडे थांबवली, पलीकडून पुन्हा सुरू केली. असे कितीतरी फोटो. बाबांपुढचा रूळ मी माझ्या हातानं तोडत होते आणि रडत होते.

चाचणीच्या दिवशी ताडाजवळ भोंगा वाजला. बाबांनी ते घरी येऊन दोनदा सांगितलं.

२०१९ मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्याच महिन्यात नवे फोटो आले. ताडाजवळ कोणी नव्हतं, नुसती खडी आणि ऊन. यंत्रानं तिथे रेघ तोडली होती, तळवाभर. ‘मार्ग अडलेला’. पुढच्या फोटोतही तेच, त्याच्या पुढच्याही.

साहेब म्हणाले, तिथे कायम माणूस बघितल्यामुळे यंत्र ती जागाच पाठ करून बसलंय. पटण्यासारखं होतं, मी मान हलवली. तलासरीची माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “तिथे दोघं होते ना गो? तुझे बाबा आणि तो गाडीखाली गेलेला?”

“रेघ जोडून टाका,” साहेब म्हणाले.

मी माऊस हातात घेतला आणि ठेवला. आधी घरी फोन लावला. आईनं उचलला. बाबा अंगणात शेंगा सोलत बसलेत म्हणाली. मी म्हटलं, त्यांना दे.

“काय गो?” बाबा म्हणाले.

“काही नाही. बोलत राहा.”

ते शेंगांबद्दल बोलू लागले, यंदा किडक्याच फार निघतात म्हणाले. त्यांचा आवाज कानाशी धरून मी रूळ जोडला.