उंबऱ्यावरची सिगडी

आमच्या शेजारचे काका हिवाळ्यात रोज दिवेलागणीला कोळशाची सिगडी उंबऱ्यावर ठेवत आणि लोहाराकडून आणलेला, मुठीनं फिरवायचा पंखा तिला लावून ओसरीत फिरवत बसत. आत खाटेवर त्यांची म्हातारी आई असायची. आत ऊब पोचावी म्हणून सारी खटपट तिच्यासाठीच होती. धूर पुरता गेल्याशिवाय सिगडी उंबऱ्यावर आणायची नाही, हा त्यांचा नियम. पंख्याच्या मुठीला तर ते कोणाला हात लावू देत नसत.

थोड्या वेळानं आतून आवाज यायचा, "थंडी वाजून राहिली रे."

ते भडकायचे. "माझ्या कपाळावर घाम आला, अन् तुले काहून थंडी वाजते वं माय?" मग ओसरीत येऊन बसलेल्या माझ्याकडे वळून म्हणायचे, "म्हातारपणाची कुरकुर आहे गा." मलाही ते पटायचं.

ऐन पौषात त्यांची आई गेली. तेरावं झालं आणि संध्याकाळी पुन्हा पंख्याची घरघर सुरू झाली. मी गेलो. खाट भिंतीला उभी टेकवलेली होती आणि रिकाम्या खोलीकडे पाहत ते पंखा फिरवत होते.

मला बघवेना. म्हटलं, "काका, तुम्ही आत बसा. मी फिरवतो."

त्यांनी मूठ सोडली आणि ते आत जाऊन खाटेच्या जागी बसले.

"जोरानं फिरव गा."

मी फिरवला. निखारे फुलले, आच माझ्या तोंडावर आली.

"अजून जोरानं."

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले आणि त्यांनी माझा हात धरून पंखा थांबवला.

"तिथं आच काहीच लागत नाही गा," ते म्हणाले. "माय खरं सांगत होती."